शुभमंगल विश्राम

वसंतराव बारापात्रे दर रविवारी सासऱ्यांच्या घरी टीव्ही पाहायला जायचे आणि टीव्ही न पाहताच परत यायचे.

यात कोडं काही नाही. वसंतराव सौंसरला भोपाळ सरकारच्या सिंचाई विभागात बाबू होते आणि सासर होतं पांढुर्ण्याचं. सासरे रिटायर हेडमास्तर. सगळं पांढुर्णा त्यांना गुरुजी म्हणायचं. गुरुजींनी फंडाच्या पैशातून टीव्ही घेतला आणि तेव्हापासून जयश्रीबाईंना, म्हणजे वसंतरावांच्या बायकोला, दर रविवारी पहाटे माहेरची आठवण अनावर व्हायला लागली. पहिल्या बसने दोन्ही पोरांसकट पांढुर्णा. तिथे टीव्हीसमोर सतरंजी टाकलेली, शेजारपाजारचे येऊन बसलेले. वसंतरावांनी एका कोपऱ्यात बूड टेकलं रे टेकलं की पडद्यावर मुंग्या यायच्या. मग गुरुजी चष्म्यावरून पाहायचे आणि म्हणायचे, "जवाईबापू, जरा वर पाहता का?"

वर म्हणजे गच्चीवर. अँटिनाची नळी सैल होती, वारा आला की फिरायची, आणि तिचं तोंड नागपूरकडे राहिलं तरच खाली चित्र दिसायचं. नळीत पाचर ठोकून ती पक्की करता आली असती, पण गुरुजींचं म्हणणं असं, की घरात जावई असताना सुताराला कशाला बोलवायचं? तेव्हा रविवार सकाळ वसंतराव गच्चीवर उन्हात नळी धरून उभे, आणि खालून मंडळींचा कोरस: "आलं... आलं... गेलं! डावीकडे घ्या! अहो, तुमच्या डावीकडे नाही, नागपूरच्या डावीकडे!" आता नागपूरची डावी बाजू कोणती, हे काही वसंतरावांना भूगोलात शिकवलेलं नव्हतं. ते अंदाजाने फिरवायचे. परतीच्या बसमध्ये पोरं त्या दिवशीच्या भागावर हिरीरीने बोलायची आणि वसंतराव खिडकीबाहेरचे संत्र्याचे बगीचे पाहत बसायचे.

हेही त्यांनी चालवून घेतलं असतं. पण एका रविवारी गुरुजींकडे कोणी नवीन पाहुण्या आल्या. त्यांनी अंगणातून वर पाहिलं आणि विचारलं, "तो माणूस कोण आहे गच्चीवर?" त्यावर सतरंजीवरच्या कोण्या बाईंनी नजर न हलवता सांगितलं, "तो अँटिनावाला हाय."

वसंतरावांच्या काळजाला घरं पडली. बी.ए. झालेला माणूस, पर्मनंट नोकरी, आणि सासुरवाडीत ओळख काय, तर अँटिनावाला! त्यांनी तिथेच, नळी धरल्या धरल्या, ठरवलं: स्वतःचा टीव्ही घ्यायचा. या गच्चीवर परत पाय ठेवायचा नाही.

पण घ्यायचा कशातून? पगार घरात यायचा तो किराणावाल्याला भेटायलाच. म्हणजे वरची कमाई पाहिजे. सिंचाई विभागातला माणूस 'वरची कमाई' म्हणाला की लोक डोळा मारतात. पण वसंतरावांचं टेबल आवक-जावकचं. चिठ्ठीवर शिक्का मारायला लाच कोण देणार? एकदा एका ठेकेदाराने फार खुशीत येऊन त्यांना शिक्क्याच्या शाईची डबी आणून दिली होती, आणि तीसुद्धा सुकलेली निघाली. तेव्हा कमाई करायची तर सरळ मार्गाने, हे नशिबानेच ठरवून टाकलेलं होतं.

वसंतरावांनी हा विषय हिरामण सोमकुवरजवळ काढला. हिरामण त्याच कार्यालयात नकाशे उतरवणारा ट्रेसर होता, शेजारच्याच क्वार्टरमध्ये राहायचा, आणि सल्ला देण्यात त्याचा हात धरणारा मोहगावापर्यंत कोणी नव्हता. त्याने आधी कोंबड्या सुचवल्या. मग विम्याची एजन्सी. मग संत्र्याच्या सालीचं अत्तर. मग तो एकदम थांबला आणि म्हणाला, "भाऊ, तुमच्या साळीच्या लग्नात तुम्ही मंगलाष्टकं म्हटली होती ना? मी रोडवर होतो, तिथपावेतो आवाज आला. अन् रोड मांडवापासून केवढ्या दूर! तुमच्या गळ्यातच भोंगा हाय. मंगलाष्टकं म्हणा. लग्नावर लग्न घ्या. आमच्या बौद्ध लग्नात मंगलाष्टकं नसतातच, म्हणून मी एकदम निष्पक्ष सांगून राहिलो."

वसंतरावांना पटलं. आवाज होताच, वृत्तात दोन ओळी बसवण्याची जुनी खोडही होती. पण माणूस नियमाचा. सरकारी नोकराने बाहेरचं काम करायचं तर आधी परवानगी पाहिजे. त्यांनी सुवाच्य हिंदीत अर्ज लिहिला: 'विवाह समारोह में मंगलाष्टक गायन की अनुमति बाबत.' साहेब होते ग्वाल्हेरकडचे, भला माणूस.

"बारापात्रे जी, ये मंगलाष्टक क्या चीज़ है?" साहेबांनी विचारलं.

"सर, शादी में गाते हैं. आठ होते हैं."

"आठ? लगातार?"

"हाँ सर."

साहेबांनी अर्ज उलटून पाहिला, आणि आपल्याला न समजणारा कागद आल्यावर कोणताही समंजस अधिकारी जे करतो तेच केलं. तो छिंदवाड्याला, जिल्ह्याच्या कचेरीत पाठवला. छिंदवाड्याहून पुष्कळ दिवसांनी उत्तर आलं. आवक-जावकचं टेबल असल्यामुळे त्यावर शिक्का वसंतरावांनाच मारावा लागला. उत्तरात विचारलं होतं, की मंगलवार हा कार्यालयीन दिवस आहे. तेव्हा आवेदकाने स्पष्ट करावं, की तो हे आठ मंगलवार कार्यालयाच्या वेळेत गाणार आहे की नंतर?

वसंतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. मग त्यांनी मंगळवार आणि मंगलाष्टक यांतला फरक समजावणारं लांबलचक टिपण पाठवलं, आणि "अर्ज चालू आहे" असं स्वतःच्या मनाला सांगून कामाला सुरुवात केली. लग्नसराई काय छिंदवाड्यासाठी थांबणार होती?

वसंतरावांची खासियत अशी, की ते छापील मंगलाष्टकं म्हणत नसत. दर लग्नाला नवीन. वराचं नाव, वधूचं नाव, आईबाप, झालंच तर आजोबा. लोकांना फार आवडलं. आवडलं तिथेच घोटाळा झाला. मोहगावच्या लग्नात नवरीच्या मामाचं नाव घेतलं, तर मावसाजी रुसले. "मामा नाव घेण्यासारखा अन् आम्ही काय उष्टे उचलायले आलो?" असं म्हणून ते चपला शोधायला लागले. त्यांना थांबवण्यासाठी वसंतरावांनी उभ्या उभ्या एक कडवं जोडलं. मग आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला, तिच्यासाठी एक. मग दोन्हीकडच्या काकांमध्ये चढाओढ लागली. अष्टकाचं पुढे काय झालं ते मोजायच्या भानगडीत कोणी पडलं नाही. पण दर कडव्याला 'सावधान' म्हटल्यावर लोक अक्षता टाकतात हे वसंतराव विसरले होते. अक्षता संपल्या. पोट्ट्यांनी मांडवातली बारीक खडी उचलली. त्यातून काही पाहुणे पांढुर्ण्याचे होते आणि हातात खडा आला की पांढुर्ण्याच्या माणसाला तिथली गोटमार, म्हणजे दरवर्षीची दगडफेकीची जत्रा, आठवते. भटजींनी शेवटी पोथी डोक्यावर धरून लग्न लावलं.

एवढं करून मिळायचं काय? नारळ, दुपट्टा आणि टोपी. मंगलाष्टकं म्हणणाऱ्याला पैसे देणं म्हणजे त्याचा अपमान, असं सगळ्याच वधूपित्यांना मनापासून वाटायचं. वसंतरावांना हा अपमान सोसायची फार इच्छा होती, पण तो कोणी करेचना. घरात नारळांची रास पडली. जयश्रीबाईंनी वरणात खोबरं घातलं, भाजीत घातलं, शेवटी पोह्यांपेक्षा खोबरं जास्त व्हायला लागलं, तेव्हा धाकटा पोरगा रडायलाच लागला.

"टीव्ही आणणार होते ना तुम्ही?" जयश्रीबाईंनी विचारलं. "मग हे काय आणून राहिले?"

"येईल, येईल. नाव होऊन राहिलं माझं."

"नावावर चित्र येते का?" त्या म्हणाल्या. वसंतराव टोपी घालून बाहेर निघून गेले. टोप्या पुष्कळ होत्या.

आणि मग खरंच नाव कामी आलं. पांढुर्ण्याला मधुकररावांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता ते टीव्हीही ठेवायला लागले होते. गुरुजींचा टीव्ही त्यांच्याचकडचा. त्यांच्या मुलीचं, कुसुमचं, लग्न ठरलं होतं. मधुकरराव स्वतः सौंसरला आले आणि खोबऱ्याचे पोहे खाऊन म्हणाले, "वसंतराव, माझ्याकडं एक सेट पडून आहे. मालक दुरुस्तीला टाकून गेला तो आलाच नाही. मी नवीन ट्यूब टाकली, चित्र फस्कलास. माझ्या पोरीचं लगन असं नीट लावून द्या, की पांढुर्ण्यानं नाव काढलं पाहिजे. सेट तुमच्या घरी पोचता करतो. हा माझा शब्द."

त्या क्षणी वसंतरावांना गच्चीवरून खाली उतरणारी शिडी डोळ्यांपुढे दिसली. जयश्रीबाई आतून ऐकत होत्या. त्यांनी मधुकररावांना न विचारता आणखी पोहे वाढले.

नवरदेव घरचा मराठीच, पण छिंदवाड्याला पोलिसात जवान. वऱ्हाडात घरची माणसं थोडी आणि लाइनीतले मित्र फार. कोणी भिंडचे, कोणी रीव्याचे, सगळे कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून आलेले. मराठी लग्न त्यांच्यापैकी एकाच्याही बापाने पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यासोबत त्यांना कवायत शिकवणारे उस्ताद होते. मिशा अशा, की बाजूने पाहिलं तरी दोन्ही टोकं दिसावीत. नवरदेवाची सुट्टी, बढती, बदली सगळं त्यांच्या शब्दावर. म्हणून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं होतं.

वसंतराव त्या दिवशी वेळेच्या आधी आले. रात्रंदिवस बसून त्यांनी कडवी रचली होती आणि एकही मावसा सुटू दिला नव्हता. अक्षतांची चांगली दोन टोपली मागवून ठेवली होती. हिरामण मदतीला म्हणून आला होता. गुरुजीही पागोटं बांधून हजर. सगळं नीट होतं. फक्त एक गोष्ट झाली. वऱ्हाड मांडवात शिरत असताना वसंतराव माइक तपासत होते, आणि 'हॅलो, हॅलो' म्हणायच्या ऐवजी गळा मोकळा करायला ते म्हणाले, "साऽऽऽवधान... साऽऽऽवधान."

उस्ताद दारातच थबकले. आवाजाचा असा खर्ज, अशी ओढ, असा शेवटचा झटका त्यांनी मोठमोठ्या परेड मैदानांवरही क्वचित ऐकला होता. तेवढ्यात मधुकररावांनी हात जोडून आपल्या ठेवणीतल्या हिंदीत स्वागत केलं, "आइए, आपके सम्मान में सब व्यवस्था करके राहिलो." उस्तादांना सगळा उलगडा झाला. त्यांना भरून आलं. त्यांनी मागे वळून जवानांना हळूच सांगितलं, "देखो, लड़कीवालों ने हमारे सम्मान में परेड रखी है. आदेश मंच से आएगा. इज़्ज़त का सवाल है."

गोरज मुहूर्त. अंतरपाट धरला. वसंतरावांनी डोळे मिटले आणि पहिलं कडवं उचललं. सूर असा लागला, की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. कडवं संपलं. वसंतरावांनी श्वास भरला आणि सोडला:

"शुभमंगऽऽल साऽऽऽवधान!"

धाड! सगळ्या जवानांच्या टाचा एकदम जुळल्या. मांडवाचा खांब हलला, वरची कागदी झुंबरं खाली आली, आणि स्वयंपाकाच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "भूकंप!" वसंतरावांना वाटलं, फटाका. त्यांनी दुसरं कडवं घेतलं. पुन्हा सावधान, पुन्हा धाड. बायकांनी अक्षता टाकायच्या सोडून पोरं पोटाशी धरली. आपल्या गाण्याने लोक भारावून गेलेत, अशा समजुतीत वसंतराव आणखी चढले. मिटलेले डोळे त्यांनी शेवटच्या मावसापर्यंत उघडले नाहीत.

उघडले तेव्हा अंतरपाट दूर झाला होता. वाजंत्री सुरू झाली होती. कुसुमने लाजत लाजत हार घातला. आणि नवरदेव? नवरदेव टाचा जुळवून, छाती काढून, हात मांड्यांना चिकटवून, समोरच्या खांबाकडे पाहत उभा. गळ्यात हार, कपाळावर मुंडावळ्या आणि डोळ्यांची पापणी हलत नाही. मामाने त्याच्या हातात हार दिला; बोटं उघडली नाहीत. उस्ताद पहिल्या रांगेतून पाहत होते ना! त्यांच्या देखत सावधानमध्ये हलण्याची बिचाऱ्याची काय बिशाद?

"काय झालं पोराले?" मधुकररावांच्या बायकोने टाहो फोडला. "झटका आला वो!"

"अंगात आलं," कोणी म्हणालं.

"आत्ताच्या आत्ता जामसांवलीले न्या, मारुतीच्या पायावर घाला!"

"एकट्याले कसं नेता? ते पाहा, सगळ्याइले झालं!"

सगळ्यांनी मागे पाहिलं. रांगच्या रांग तशीच उभी. भटजी घड्याळाकडे पाहून ओरडायला लागले, की मुहूर्त चालला. मधुकररावांनी वसंतरावांकडे असं पाहिलं, की त्या नजरेत वसंतरावांना आपला टीव्ही बंद होताना दिसला.

हिरामण मंचाजवळ उभा होता. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "भाऊ!" तो खालच्या आवाजात म्हणाला, "पंधरा ऑगस्टवाली सावधान समजून राहिले हे. विश्राम म्हणा, विश्राम!"

वसंतरावांनी माइक धरला आणि जीव तोडून ओरडले, "विश्राऽऽऽम!"

ठक! सगळे डावे पाय एकदम बाजूला. आणि सगळे हात एकदम पाठीमागे. नवरदेवाचेही. आतापर्यंत हात निदान मांडीजवळ तरी होते, ते आता पाठीमागे जाऊन एकमेकांत गुंतले. हार घालणार कुठून? मामा मागून हार देऊन पाहायला लागला.

"पुढचं म्हणा, पुढचं!" मागून गुरुजींचा खणखणीत आवाज आला. आयुष्यभर शाळेत प्रार्थनेनंतर पोरांना सोडण्यासाठी जो शब्द त्यांनी वापरला, तोच त्यांच्या तोंडी आला. "विसर्जन म्हणा, जवाईबापू! म्हणजे मोकळे होतील!"

सासऱ्यांनी सांगितलं आणि वसंतरावांनी केलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. ते ओरडले, "विसऽऽर्जन!"

भर लग्नात, बोहल्यावर, विसर्जन! कुसुमची आत्या जागच्या जागी मटकन खाली बसली. "अवो बापा, पोरीच्या लग्नाचं गणपतीवानी विसर्जन केलं वो यानं!" असा तिने हंबरडा फोडला. तोवर जवान एका झटक्यात उजवीकडे वळले होते. सलाम ठोकून, पावलात पाऊल टाकून, ते मांडवाबाहेर चालू पडले. सर्वांत पुढे मुंडावळ्या हलवत नवरदेव. त्याच्या उपरण्याची गाठ अजून कुसुमच्या शालूला मारायची होती म्हणून बरं; नाहीतर नवरीही कवायतीत गेली असती.

आता मात्र वसंतरावांनी दुपट्टा फेकला. माइक हातात, मागे वायर, वायरीच्या मागे माइकवाला, असे ते मांडवाच्या दारापर्यंत धावले. वायर ताणून संपली तिथून त्यांनी हाक दिली. गळ्यात जेवढं होतं तेवढं सगळं त्या हाकेत घातलं:

"पीऽऽछे मुड़!"

वरात वळली.

"तेऽऽज चल!"

वरात परत आली. भटजींनी पोथी छातीशी धरून वाट दिली. नवरदेव बोहल्यावर पोचतो न पोचतो तोच वसंतराव ओरडले, "थऽऽम!" आणि मग, दुसरा कोणताही हुकूम आठवेना म्हणून, "दूल्हा! माला... पहना!"

नवरदेवाने खटकन हात उचलले आणि हार घातला. थोडा जोरात घातला, कुसुमचा चष्मा पडला, पण घातला. भटजींनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "लागलं एकदाचं!" उस्तादांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मंचावर येऊन वसंतरावांना कडकडून मिठी मारली. "ऐसी परेड," ते म्हणाले, "मैंने भोपाल में भी नहीं देखी."

पांढुर्ण्याने नाव काढलं, यात शंका नाही. अजूनही काढतं. पण मधुकररावांचा चेहरा काही खुलला नाही. चार दिवसांनी ते वसंतरावांना म्हणाले, "पाहा, वसंतराव, मी दिल्या शब्दाचा माणूस आहे. लगन नीट लावलं तर टीव्ही, असं ठरलं होतं. लागलं हे खरं. नीट लागलं का? माझ्या बहिणीनं अजून अंथरूण सोडलं नाही. तेव्हा अर्ध्या कामाचा अर्धा टीव्ही." आणि त्यांनी दुकानाच्या मागून एक कोरा करकरीत अँटिना आणून हातात दिला.

वसंतराव तो अँटिना मांडीवर आडवा घेऊन बसने सौंसरला आले. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडलं. घरी जयश्रीबाईंनी दार उघडलं, अँटिना पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि आत जाऊन चहा टाकला.

हिरामण मात्र खूश होता. "अर्धं काम तर झालं! बसवून टाका, भाऊ. अँटिना वर गेला की खाली टीव्ही येतेच." त्याने स्वतः चढून अँटिना वसंतरावांच्या कौलावर असा पक्का बसवला, की वादळातही हलू नये. आणि मग जे व्हायचं तेच झालं. रविवारी सकाळी दार उघडलं तर अंगणात अर्धं सौंसर. कोणी सतरंजी आणलेली, कोणी पाट, एका आजीबाईंना तर खुर्चीसकट उचलून आणलं होतं.

"कायले आले तुम्ही सगळे?" वसंतरावांनी विचारलं.

"टीव्ही पाहाले!"

"टीव्ही नाही हो माझ्याकडे."

"मग वर काय कपडे वाळवून राहिले?"

वसंतरावांनी शपथा घेतल्या. कोणी मानेना. टीव्ही असून दाखवत नाही, एवढा कंजूस माणूस आपल्या गल्लीत राहतो याचं लोकांना वाईट वाटलं. आजीबाई तर म्हणाल्या, "असू दे बापा, आमाले काय, आम्ही भिंत पाहू," आणि खरंच भिंत पाहत बसल्या. त्याच आठवड्यात छिंदवाड्याहून पाकीट आलं. वसंतरावांनी शिक्का मारला आणि उघडलं. सहानुभूतिपूर्वक विचारान्ती त्यांना आठ मंगलवार गाण्याची अनुमती देण्यात आली होती, बशर्ते गायन कार्यालयाच्या परिसरात होऊ नये.

पुढच्या रविवारी अंगण भरायच्या आत पळणं भाग होतं. आणि पळायचं तर कुठे? पहिली बस पांढुर्ण्याचीच होती.

गुरुजींकडे सतरंजी टाकलेली होती. वसंतरावांनी बूड टेकलं. पडद्यावर मुंग्या आल्या. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. वसंतराव उठले आणि जिना चढले. नळी हातात आली. वाऱ्यात ती अजूनही पहिल्यासारखीच फिरत होती. त्यांनी डावीकडे केली, उजवीकडे केली. खालून "आलं... गेलं... आलं!" आणि मग गुरुजी, लग्नात शिकलेला हिसका देऊन, गरजले:

"जवाईबापू! साऽऽऽवधान!"

वसंतरावांच्या टाचा जुळल्या. नळी छातीशी धरून, नागपूरकडे तोंड करून, ते ताठ उभे राहिले. खाली गाणं लागलं, पोरं हसली, कोणी टाळ्या वाजवल्या. ऊन डोक्यावर आलं. विश्राम म्हणायचं कोणाला आठवलं नाही. सगळा खटाटोप केला तो इथून सुटण्यासाठी, आणि उभे कुठे आहोत? वसंतरावांना एकदम रडू यायला लागलं.

जिन्यावर बांगड्या वाजल्या. जयश्रीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांनी नवऱ्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं.

"मला वाटायचं, तुम्हाला वरच आवडते," त्या म्हणाल्या. "खाली बाबांजवळ बसावं लागत नाही म्हणून."

वसंतरावांनी नळी आणखी घट्ट धरली. बोलले असते तर आवाज फुटला असता, आणि तो मोहगावापर्यंत गेला असता.

"विश्राम," जयश्रीबाई हळूच म्हणाल्या.

वसंतरावांचा डावा पाय आपोआप बाजूला झाला.

"द्या ती नळी इकडे. जा, बसा खाली. आज मी धरते."

"तुला जमेल?"

"हेडमास्तरची लेक आहे मी," त्यांनी पदर खोचला. "नागपूरची डावी बाजू मला माहीत आहे."

वसंतराव पाणी प्यायले आणि जिना उतरले. खाली आल्यावर ते कोपऱ्यात गेले नाहीत; सरळ मधे, गुरुजींच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. गुरुजी दचकून पाहायला लागले, पण वसंतरावांनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी धोतराच्या घडीसारखी पँटची घडी नीट केली, मान वर केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांच्या टीव्हीकडे समोरून पाहिलं.

पडद्यावर लिहिलं होतं: 'रुकावट के लिए खेद है.'

"वा!" गुरुजी पुढे वाकून म्हणाले. "असं साफ या घरात आजवर कधी आलं नव्हतं. जयू, हलू नको!"

सतरंजीवरचे लोक कंटाळून एकेक उठून गेले. पोरं अंगणात खेळायला पळाली. वसंतरावांनी मात्र ते शेवटपर्यंत पाहिलं.